कोनाचा होय गा तू?

पोळ्याच्या आदल्या दिवशीची संध्याकाळ होती. बाबांनी दरवर्षीप्रमाणे बैलांचे खांदे गरम पाण्याने शेकले, तूप-हळद लावून चोळले आणि दोघांच्याही कानाशी जाऊन 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या' असे सांगून ते घरात आले. हात अजून पिवळेच होते. माझी भाची ओसरीत लॅपटॉप घेऊन बसली होती. ती अकरावीला मोर्शीच्या कॉलेजात जाते, राहते आमच्याकडे. पडद्यावर 'मॅनर लॉर्ड्स' हा खेळ चालू होता. सहाशे वर्षांपूर्वीचे जर्मनीकडचे खेडे, आणि जंगलातून लाकडाचा ओंडका ओढत आणणारा एक बैल. बाबा तिच्या मागे उभे राहून बराच वेळ पाहत होते. मग त्यांनी विचारले, "याचा जोडीदार कुठी हाय वं?"

"एकटाच असते आबाजी याच्यात."

"मंग याचा खांदा कोन पाह्यते?"

भाची गप्प झाली. खेळात खांदा पाहायची सोयच नाही. तो बैल थकत नाही, अडत नाही, त्याचा खांदा येत नाही, म्हणजे जुवाने सुजत नाही. आमच्या गोठ्यातला उजवीकडे चालणारा बैल डावीकडे जुंपला तर दोन तासांत वखर सोडून उभा राहतो. बाबा रोज संध्याकाळी जू उतरवल्यावर आधी खांद्यावरून तळहात फिरवतात. कुठे गरम लागतो का, कुठे कातडी सोलली का, हे त्यांना डोळ्यांआधी हाताला कळते. दुसऱ्या दिवशी कोणत्या वावरात जायचे, किती वेळ वखर धरायचा, हे त्या तळव्यावर ठरते.

थोड्या वेळाने भाचीने तिची तक्रार मला सांगितली, आणि ती बाबांच्याच प्रश्नाची बहीण निघाली. या खेळात तुम्ही गावाचे धनी असता. वरून घरे बसवता, वावरे आखता, आणि वाटले तर खाली उतरून आपल्या गावातून पायी फिरता. पण फिरताना कोणी तुमच्याशी बोलत नाही. विहिरीवरची बाई मान वर करत नाही, लोहार हातोडा थांबवत नाही. "मामा, गाव माह्यं आहे, पन मले कोनी ओळखतच नाही," ती म्हणाली.

मध्ययुगीन काळातले हे मोकळे खेळ, ज्यांना सँडबॉक्स म्हणतात, गेली पंधरा-वीस वर्षे लाखो लोक खेळत आहेत. त्यांत ठरलेली एकच गोष्ट नसते. शेती करा, व्यापार करा, फौज उभारा, दरोडे घाला, तुमची मर्जी. आणि हे खेळणाऱ्यांच्या कायमच्या तक्रारी दोन. एक, जग खरे वाटत नाही, मध्येच कुठेतरी तंद्री तुटते, ज्याला ते इमर्शन तुटणे म्हणतात. दुसरी, मला माझ्या मनासारखे काही घडवता येत नाही, कस्टमायझेशन अपुरे आहे. खेळ बनवणारे आणि पुष्कळदा खेळणारेही या दोन तक्रारींकडे एकमेकींच्या वैरिणी म्हणून पाहतात. एकाला गुलाबी शिरस्त्राण हवे असते, दुसऱ्याची त्या शिरस्त्राणानेच तंद्री मोडते. मला ही मांडणी मुळातच चुकलेली वाटते. दोन्ही तक्रारींच्या मागे मागणी एकच आहे: मी या जगात काही केले, तर या जगाने त्याची दखल घ्यावी.

ती दखल घेणे कष्टाचे आहे, म्हणून बाजार सोपे उत्तर देतो. गवत अधिक हिरवे करतो, चिलखताच्या कड्या अधिक चमकवतो आणि सजावट वेगळी विकतो. २००६ साली 'ऑब्लिव्हियन' या खेळासाठी घोड्याचे चिलखत अडीच डॉलरला विकायला काढले, तेव्हा खेळाडू चिडले होते. आज तशी विक्री सगळीकडे रुळली आहे. त्याच मालिकेतला २०११चा 'स्कायरिम' डोंगरदऱ्यांच्या देखणेपणासाठी अजून वाखाणला जातो. पण त्यातले पहारेकरी आपल्या गुडघ्याला लागलेल्या बाणाची कहाणी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला इतक्या वेळा ऐकवतात की त्याची जगभर थट्टा झाली. डोंगर खरा वाटला आणि माणूस खोटा निघाला.

आता दोन खेळ शेजारी ठेवून पाहू. पहिला 'माउंट अँड ब्लेड: बॅनरलॉर्ड', तुर्कस्तानातल्या अंकारा शहरात बनलेला, २०२० साली अर्धवट अवस्थेत लोकांच्या हाती आला आणि २०२२ च्या ऑक्टोबरात पूर्ण म्हणून. त्यात सुरुवातीला नाकाची लांबी, गालाची हाडे, केसांची वळणे, सगळे सरकपट्ट्यांनी ठरवता येते. आई-वडील कोण, लहानपण कसे गेले, तेही निवडता येते. पण त्या निवडीतून मिळते काय? कौशल्याचे चार गुण. एकदा खेळ सुरू झाला की कोणत्याही गावात गेल्यावर तुमचे बालपण कोणाच्या लेखी नसते. दुसरा 'किंगडम कम: डिलिव्हरन्स', प्रागमध्ये बनलेला, २०१८चा. काळ १४०३, प्रदेश बोहेमिया, म्हणजे आजच्या झेक देशातला भाग. यात नायकाचा चेहरा बदलता येत नाही. तो हेन्री आहे, मार्टिन लोहाराचा पोरगा, आणि बस. पण स्कालित्स या आपल्या गावाहून पळून तो दुसऱ्या गावी पोचतो तेव्हा लोकांना तो लोहाराचा पोर म्हणून माहीत असतो. मळके कपडे घालून गेला तर लोक त्याच्याशी वेगळे वागतात, अंगावर रक्त असेल तर बिचकतात. त्याला वाचता येत नाही. पुस्तक उघडले की अक्षरे उलटसुलट दिसतात, आणि एका लेखनिकाकडे जाऊन शिकल्यावर ती हळूहळू जुळू लागतात. चेहऱ्याला हातही लावू न देणारा हा खेळ खेळाडूला जास्त आपला वाटतो. सगळा चेहरा हवाली करणारा खेळ परकाच राहतो.

हे मला आमच्या भागात राहून जास्त कळते. वऱ्हाडात कुठल्याही गावी पारावर जाऊन बसा. पाण्याआधी प्रश्न येतो, "कोनाचा होय गा तू?" तुम्ही बापाचे नाव सांगता. समोरचा म्हातारा डोळे बारीक करतो, मग आजाचे नाव तोच सांगतो. "तुह्या आज्याची बंडी आमच्या नाल्यात फसली होती, आम्हीच काढली होती बाप्पा." बंडी फसल्याला चाळीस वर्षे झालेली असतात. गाव अशा गोष्टी धरून ठेवते. कोणाचा धुरा कोणी नांगराच्या किती तासांनी कोरला, दुष्काळात बियाण्याला ज्वारी कोणी दिली आणि कोणी दार लावून घेतले, कोणाच्या मयतीला कोण आले नाही. ही आठवणच गावाचा कणा असते. बॅनरलॉर्डमध्ये तुम्ही एखादे गाव जाळले, तर नात्याचा आकडा खाली जातो. मग काही कामे करून तो वर चढवता येतो, आणि गाव काही दिवसांत पुन्हा धान्य पिकवू लागते. जळालेल्या गावातल्या कोणत्या घरातून कोण गेले, हे कोणी कोणाला सांगत नाही. खेळाडू 'नाती उथळ आहेत' असे म्हणतात तेव्हा त्यांना नेमके हेच सलत असते.

त्या खेळावर अन्याय करायचा नाही. त्यातली एक गोष्ट मला मनापासून आवडते. गावकरी आपला माल घेऊन शहराच्या बाजारात निघतात, वाटेत दरोडेखोर त्यांना लुटतात, आणि लुटले गेले की शहरात धान्याचे भाव चढतात. हे सारे खेळाडू तिथे नसतानाही घडत राहते. कापूस-सोयाबीनच्या भावावर घर चालवणाऱ्या माणसाला या यंत्रणेची किंमत समजते. म्हणूनच दुःख होते. ज्याला गव्हाची वाट कळली, त्याला तो गहू पेरणाऱ्याचे तोंड का सापडू नये? याच मालिकेतल्या आधीच्या 'वॉरबँड'मध्ये, २०१० साली, सरदारांच्या मेजवान्या तरी होत्या, जिथे माणसे जमायची आणि सोयरिका ठरायच्या. नव्या खेळात त्याही नव्हत्या. ती उणीव हौशी खेळाडू स्वतः मॉड, म्हणजे खेळात बदल करणारी जोडणी, लिहून भरून काढत राहिले, आणि कंपनीचा प्रत्येक नवा अपडेट आला की त्यांचे मॉड मोडून पडत राहिले.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. दिवसभर वावरात राबणाऱ्या पोराला रात्री पुन्हा बैलाचा खांदा का पाहायला लावता? खेळ हा विसाव्यासाठी आहे. खरेपणाच्या नावाखाली जाच नको. बरोबर आहे. किंगडम कममध्ये सुरुवातीला खेळ जतन करायला एक खास दारू लागायची, ती विकत घ्यायची किंवा स्वतः गाळायची. कारण असे की खेळाडूने प्रत्येक पावलावर मागे फिरू नये, निर्णयाला वजन यावे. हेतू मला पटतो. पण जिथे लाइन कधी जाईल याचा नेम नाही, त्या गावातल्या पोरासाठी ही अट म्हणजे दोन तासांचा खेळ मातीत. पुढे कंपनीने जतन करून बाहेर पडण्याची सोय दिली, हे योग्यच केले. 'मिडीव्हल डायनॅस्टी' या पोलंडमधल्या खेळात मुळात तीन दिवसांचा एक ऋतू असतो. कोणाला तो आखूड वाटला तर वाढवता येतो, भूक आणि कर कमीजास्त करता येतात. हे कस्टमायझेशन मला शिरस्त्राणाच्या शंभर रंगांपेक्षा मोलाचे वाटते, कारण त्यातून ज्याला जितका वेळ आहे तितके जग त्याला मिळते. म्हणजे जाच आणि परिणाम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बैलाला रोज दहा वेळा पाणी पाजायला लावणे हा जाच. खांदा आलेला बैल तसाच जुंपला, म्हणून ऐन पेरणीत तो बसला आणि शेजाऱ्याकडे जोडी मागायला जावे लागले, हा परिणाम. शेजारी जोडी देईल की नाही, हे तुम्ही मागच्या वर्षी त्याच्याशी कसे वागलात त्यावर असेल. एवढे एक जरी खेळात आले, तरी त्यातून निघणाऱ्या गोष्टी कोणाला लिहाव्या लागणार नाहीत.

भाचीचा दुसरा राग मात्र चेहऱ्याचाच आहे, आणि तिच्यापुढे माझा वरचा युक्तिवाद अपुरा पडतो. हेन्रीचा चेहरा बदलता येत नाही हे मी कौतुकाने सांगितले. ती म्हणाली, "तुमाले चालते मामा. तुमी पोरगेच आहा." मी निरुत्तर झालो. त्या खेळात बाईच्या नजरेने जगायला मिळते ते २०१९ साली वेगळ्या जोडभागात, काही तासांपुरते. मिडीव्हल डायनॅस्टीत पहिली काही वर्षे रासिमिर नावाचा तरुणच व्हावे लागे. बाई होण्याची मुभा सोबत खेळायची सोय आली तेव्हा, २०२३च्या डिसेंबरात मिळाली. ज्याला जग आधीपासून ओळखते त्याला चेहऱ्याची निवड चैन वाटते. जिला दारातूनच परत पाठवले, तिच्यासाठी ती निवड म्हणजे आत येण्याची वाट आहे.

आणि नावाचे काय? एका खेळात तिने आपले नाव देवनागरीत लिहिले, तर चौकटीत रिकाम्या चौकोनांची रांग उमटली. दुसऱ्या एकात अक्षरे आली, पण पहिली वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसली. शेवटी तिने रोमन लिपीत लिहिले. राजचिन्हाचे हजार प्रकार रंगवता येतात, पण स्वतःचे नाव स्वतःच्या लिपीत लिहिता येत नाही.

इथून पुढचा मुद्दा मी घाबरत लिहितो, पण तो टाळून हा लेख खरा होणार नाही. 'कोनाचा होय गा तू' हा प्रश्न मी वर मायेने सांगितला. तो प्रत्येक वेळी मायेचा नसतो. बापाच्या नावावरून आडनाव, आडनावावरून जात, आणि जातीवरून ओसरीवर बसवायचे की अंगणात, हे ठरवण्यासाठीही तो विचारला गेला आहे. आपल्या मध्ययुगाची दखल घेणारे जग बनवायचे, तर ही दखलही त्यात येणारच. संत चोखोबांचे जन्मगाव म्हणून बुलडाणा जिल्ह्यातले मेहुणाराजा ओळखले जाते. ते पुढे मंगळवेढ्याला राहिले. १३३८ साली तिथल्या गावकुसाचे काम चालू असताना भिंत कोसळली आणि तिच्याखाली ते आणि सोबतचे मजूर गाडले गेले. ज्या कुसवाच्या आत राहण्याचा त्यांना हक्क नव्हता, ते बांधताना.

सँडबॉक्स खेळांत तटबंदी बांधणे हा सगळ्यांत आवडता भाग असतो. माउस फिरवायचा, रेषा ओढायची, भिंत उभी राहते. ती कोणी उचलली, कोणाचे हात सोलले, कोण आत राहिले आणि कोण बाहेर, याची नोंद कुठेच नसते. मी म्हणतो ती तंद्री इथे सर्वांत जास्त तुटली पाहिजे, आणि इथेच ती कोणाची तुटत नाही. उद्या आपल्याकडे कोणी खेळ बनवला आणि त्यात वाटेल ती जात निवडा, जग सगळ्यांशी सारखेच वागेल असे ठेवले, तर तो खोटा ठरेल. आणि जग जसे होते तसे दाखवून त्याच्याशी झगडायची एकही वाट ठेवली नाही, तर तो क्रूर ठरेल. वाटा त्या काळातही होत्या. चक्रधर स्वामींच्या मंडळींत बायका होत्या, प्रश्न विचारत होत्या, आणि महदंबा तर मराठीची आद्य कवयित्री ठरली. चोखोबा अभंग रचत होते, त्यांच्या पत्नी सोयराबाई रचत होत्या. तलवारीवाचून जग हलवू पाहणारी अशी माणसे खेळात निवडता आली, तर कस्टमायझेशन या शब्दाला पहिल्यांदा अर्थ येईल.

आमच्या गावापासून ऋद्धपूर लांब नाही. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी चक्रधरांच्या आठवणी माणसामाणसाकडून गोळा करून 'लीळाचरित्र' सिद्ध केले ते इथल्याच परिसरात. मराठी भाषा विद्यापीठही आता तिथेच आहे. स्वामी कोणत्या गावी कोणत्या देवळात उतरले, वाटेत कोण भेटले, कोण काय बोलले, ताटात काय पडले, असे बारकावे त्या ग्रंथात ठायी ठायी आहेत. सातशे वर्षांपूर्वीचा माणूस कसा बोलत होता, रुसत होता, हसत होता, याचा इतका जिवंत ऐवज किती भाषांकडे असेल? झेक मंडळींनी साझावा नदीकाठचे मठ आणि राताये हे लहानसे गाव इतक्या निगुतीने खेळात उतरवले की आज लोक ती ठिकाणे पाहायला जातात. त्यांनी जगाला आवडेल असे कोणतेही मध्ययुग शोधले नाही, आपल्या गावाचे नीट पाहिले. मॅनर लॉर्ड्स तर एका पोलिश माणसाने एकट्याने सुरू केलेले काम आहे. म्हणजे अडचण केवळ पैशाची नाही.

राज्य मंत्रिमंडळाने २०२५च्या सप्टेंबरात अ‍ॅनिमेशन, गेमिंग आणि कॉमिक्ससाठीचे धोरण मंजूर केले. चांगले झाले. पण या धोरणातून मुंबई-पुण्यात मोठाल्या इमारती उभ्या राहिल्या, परदेशी कंपन्यांसाठी दगड आणि झाडे रंगवून देणारे कारागीर तयार झाले, आणि आपल्या वाट्याला पुन्हा गड, घोडा, भगवे निशाण एवढीच चित्रे आली, तर ती घोड्याच्या चिलखताचीच विक्री ठरेल. गाविलगड आणि नरनाळा जरूर उभारा. पण गडावर दाणे कुठून येत होते ते दाखवा. गोंड राजांचे चांदा उभारा, जटपुरा दरवाजाही असू द्या, पण भंडारा-गोंदियाकडे कोहळी लोकांनी बांधलेल्या तलावांचे पाणी कोणाच्या बांधीला आधी जाते आणि त्यावरून गावात काय होते, तेही खेळता येऊ द्या. एका तलावाच्या पाण्यात दहा लढायांइतकी गुंतागुंत आहे. अमरावती-नागपूरच्या कॉलेजांतल्या संगणकाच्या पोरांना गावोगाव पाठवा. ज्यांनी अजून तिफन हाकली आहे, लोहाराच्या भात्यापाशी बसून फाळ शेवटून घेतला आहे, अशी माणसे दरवर्षी कमी होत चालली आहेत. आमच्या गावात मी लहान असताना पोळ्याच्या तोरणाखाली साठ-सत्तर जोड्या उभ्या राहायच्या. यंदा अकरा होत्या.

त्या अकरांत आमची जोडी होती. भाचीने मोबाइलवर झडत्या, म्हणजे पोळ्याला म्हणायची गाणी, रेकॉर्ड केल्या, बाबांकडून वेसणीची गाठ आणि जू-शिवळांची नावे लिहून घेतली. तिच्याकडे एक वही आहे. पहिल्या पानावर गावकऱ्यांनी खेळाडूला विचारायचे प्रश्न आहेत: कोनाचा होय, कुठून आला, जेवला काय, बैलाचा खांदा कोन पाह्यते. दुसऱ्या पानावर ऋद्धपुराच्या वाटेवरचे एक गाव तिने पेन्सिलीने काढले आहे: नाला, पांदण, देऊळ, पाटलाचा वाडा आणि भोवती कुसू. त्या गावात तिची नायिका राहणार आहे, पंधरा वर्षांची. घर अजून काढलेले नाही. पेन्सिल दोनदा कुसवाच्या आत टेकवून तिने खोडले आहे आणि एकदा बाहेर.